पहिला शब्द मी सांगायचा

६ जानेवारी, सोमवार

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "रोज संध्याकाळी माझं डोकं खातेस, त्यापेक्षा हिचं खा." निवृत्त झाल्यापासून त्याला शांततेचं फारच वेड लागलं आहे. बरं बाबा, हिचं खाते.

आज चौथ्या सीझनचं पहिलं वाचन झालं. म्हणजे नावाला झालं. दर वर्षी पहिल्याच दिवशी सगळे एपिसोड टेबलावर येतात. या वेळी फक्त पहिला आला, आणि त्याचीही शेवटची सात पानं गायब. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, शेवट गुप्त ठेवायचाय. आधीच फुटला तर काय मजा?" मी म्हटलं, "अहो, खून मी केलाय का एवढं तरी सांगा, म्हणजे त्या हिशोबाने चहा पिते." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पानांकडे वळवली.

आमची मालिका म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या दोघांची गोष्ट. एक उतारवयाचा तपास अधिकारी आणि त्याची मदतनीस. तो तिला 'बाई' म्हणतो, ती त्याला 'साहेब'. तीन वर्षांत हीच आमची नावं झाली, सेटवर आणि बाहेरही. भाजीवाला मला पाहिलं की विचारतो, "बाई, साहेब कुठे ठेवले?" त्याआधी अकरा वर्षं मी घरात बसून होते. कधी कुणाची आजारी आई, तीही दुसऱ्या सीनला मरणारी. आता चोपन्नाव्या वर्षी हे काम हातचं गेलं तर परत कुणी माझं दार वाजवणार नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती सात पानं डोक्यातून जात नाहीत.

१० जानेवारी

मेकअपच्या खोलीत गेले तर शिंपी एका पोरीच्या खांद्याचं माप घेत होता. बाजूला कापड पडलं होतं, राखाडी. माझ्या कोटाचं कापड! मी विचारलं, "हा कुणाचा?" त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. आयतंच सापडलं त्याला, नुसती मान हलवली.

पोरगी पंचविशीची, चुणचुणीत आणि नको तितकी अदबशीर. म्हणाली, "मॅडम, तुमचं काम बघत मोठी झाले." तीन वर्षांत अशी किती मोठी झालीस गं? मी वरवर हसले. एका मालिकेत दोन राखाडी कोट कशाला लागतात?

१५ जानेवारी

साहेबांची आणि माझी एक पद्धत आहे. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून ओठ न हलवता मी त्यांच्या पुढच्या संवादाचा पहिला शब्द पुटपुटते. दुसऱ्या सीझनला ते अंगात ताप घेऊन उभे राहिले होते, तेव्हापासून हे सुरू झालं. एक शब्द कानावर पडला की गडी पुढचं पानभर न अडखळता बोलतो. साउंडवाला सोडला तर हे कुणाला माहीत नाही. आमच्या दोघांच्या कॉलरला त्याचे माइक असतात, त्यामुळे त्याच्यापासून काही लपत नाही. तो माझा शब्द नंतर पुसून टाकतो आणि मूग गिळून बसतो. फार गुणी माणूस.

पूर्वी दिवसाकाठी एखाददुसरा शब्द लागायचा. आज मी मोजले. एका सीनमध्ये चौदा! मोठ्या नटाचे लाड, दुसरं काय. घरी पाठांतर करायला नको, बाई आहेतच सेवेला. बरं, तोंडभर आभार तरी मानावेत. तेही नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत तीनदा विचारलं, "मुलीची परीक्षा कधी?" माझी मुलगी दोन वर्षं नोकरी करतेय. मनात काळंबेरं असलं की माणूस असं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

आणि वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको, ज्या तीन वर्षांत इकडे फिरकल्या नव्हत्या, त्या आता रोज कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. नजर काढत नाहीत नवऱ्यावरून. राखण करतात. माझ्यापासून की काय? या वयात?

१६ जानेवारी

साहेब कालचाच शर्ट घालून आले. बटणं एक घर चुकलेली. मी काही बोलले नाही. आपल्याशी जो धड बोलत नाही त्याची बटणं आपण का मोजावीत?

२४ जानेवारी

सुट्टी मागायला ऑफिसात गेले तर तिथे कुणीच नव्हतं. प्रिंटरवर एक पान निघून पडलं होतं. वाचू नये हे कळत होतं, म्हणून आधी दार लोटलं आणि मग वाचलं.

सीन बेचाळीस. मयताच्या स्वयंपाकघरात साहेब आणि बाई. साहेब गुन्ह्याची उकल सांगतात. आणि खाली एकच ओळ, 'यानंतर दोघांपैकी एकच जण मालिकेत पुढे जातो.'

पान होतं तसं ठेवायला गेले तर ते दोनदा खाली पडलं.

नवऱ्याला सांगितलं. तो शब्दकोडं सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "मग पुढे जाणारी तू असशील."

"पोस्टरवर चेहरा त्यांचा. मालिका त्यांच्या नावावर विकतात. साहेबांना काढून बाईंना कोण ठेवेल? अक्कल गहाण टाकलीस का?"

"बरं," म्हणाला आणि उभा सातवा शब्द भरला. या माणसाला जगात कशाचीच भीती वाटत नाही, आणि त्याच्या वाटणीची सगळी मलाच वाटते.

२७ जानेवारी

आता खात्री झाली. लिहूनच ठेवते.

मेकअपची खोली आणि दिग्दर्शकाची केबिन यांच्यामध्ये नुसता प्लायवूड आहे. मी केस बांधत होते. पलीकडून साहेबांचा आवाज आला, स्वच्छ. "बाईंना सांगू नका. शेवटच्या दिवसापर्यंत नाही. त्यांना कळलं की चेहऱ्यावर दिसणार, आणि मग सीन गेला."

दिग्दर्शक म्हणाले, "पण साहेब, त्यांना असं अंधारात ठेवणं…"

"माझं एवढं ऐका."

कुणीतरी नाक शिंकरलं.

मी आरशात स्वतःकडे पाहत बसले. तीन वर्षं. त्यांच्या तापात, खोकल्यात, कंटाळ्यात मी पहिला शब्द पुरवला. बक्षिसं घेताना ते एकटे स्टेजवर चढले तेव्हा टाळ्या वाजवल्या. आणि आता माझाच काटा काढायचा, तोही गुपचूप, म्हणजे मरताना माझा चेहरा छान दिसेल. राग येतोय की रडू, ते कळत नाही. भीती मात्र नक्की वाटतेय. आपण ज्याच्याकडे पाठ करून निर्धास्त उभे राहतो, तोच असा निघाला तर उभं कुठे राहायचं?

२९ जानेवारी

झोप नाही. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि समोर उभी राहून ते उतू जाताना पाहिलं. नवरा म्हणाला, "सरळ जाऊन साहेबांना विचार ना." विचारलं आणि ते 'हो' म्हणाले तर? न विचारता निदान उद्यापर्यंत तरी नोकरी आहे.

उद्या सीन बेचाळीस. पानं उद्या सकाळी सेटवर मिळणार.

३० जानेवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नंतर मीच फिरवायला नको.

सकाळी पानं मिळाली. साहेबांचं चार मिनिटांचं सलग भाषण. खून कसा झाला तिथपासून सुरू होऊन इतक्या वर्षांच्या कामाबद्दल, बाईंबद्दल, सोबतीबद्दल. भाषण संपलं की पान कोरं. मी मनात म्हटलं, वा! मला मारायच्या आधी माझं कौतुक.

सेटवर स्वयंपाकघर उभं केलेलं. ओट्यावर केटली, दोन कप. वहिनी नेहमीच्या कोपऱ्यात, आज उभ्या. ती राखाडी कोटवाली पोरगी पण आली होती. दिग्दर्शकांनी ॲक्शन म्हटलं. माझं वाक्य झालं, "साहेब, मग आत आलं कोण?" आता त्यांचा पहिला शब्द होता 'खिडकी'. मी तो पुटपुटायचा.

मी नाही पुटपुटले.

मुद्दामच नाही पुटपुटले. आदल्या दिवशीच ठरवलं होतं. म्हटलं, एवढं मोठं भाषण स्वतःच्या हिमतीवर करून दाखवा. लोकांना कळू दे कोण कुणाच्या जिवावर उभं आहे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहणारी नजर. मी मान खाली घालून केटलीच्या तोटीकडे बघत राहिले. किती सेकंद गेले कोण जाणे. त्यांचा हात ओट्याच्या कडेवरून सरकताना मला दिसत होता. मग ते बोलले, पण तो मालिकेतला आवाज नव्हता. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बाई, आपण इथे कशासाठी आलो आहोत?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "साहेब, घरी चला." त्यांनी मान डोलावली, दाराकडे वळले आणि सेटच्या बाहेर चालत गेले, दिव्यांच्या वायरींमधून. बऱ्याच वेळाने दिग्दर्शक 'कट' म्हणाले, तेही हळूच. वहिनी धावत गेल्या. दुसरा टेक घ्या असं कुणी म्हणालं नाही.



३१ जानेवारी

मुद्दाम केलं त्यांनी. दुसरं काय असणार? एवढा कसलेला नट भाषण विसरतो होय? मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं होतं. बाईंमुळे सीन बिघडला, काढा बाईंना, झालं. मी त्यांची चाल ओळखली आहे.

मग तो आवाज का आठवतोय सारखा?

२ फेब्रुवारी

दिग्दर्शकांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटेत मी निरोपाचं भाषणसुद्धा तयार केलं होतं, मानी आणि थोडं टोचणारं.

ते म्हणाले, "ताई, बसा. साहेब आता परत येणार नाहीत."

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. आठवण जाते, हळूहळू, आणि एकदा गेलेली परत येत नाही. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, मला एक एपिसोड करू द्या, शेवटचा, त्यात मी सन्मानाने निवृत्त होतो. आणि पुढची मालिका बाईंकडे द्या. त्यांच्या हाताखाली एखादी तरुण मुलगी द्या. दुसरा राखाडी कोट त्यासाठी होता.

"मला का नाही सांगितलं?"

"ते नको म्हणाले. म्हणाले, बाईंना कळलं तर त्यांच्या डोळ्यांत कीव येईल. मला शेवटचं काम त्यांच्या बरोबरीने करायचंय." दिग्दर्शकांनी चष्मा पुसला. "ते भाषण त्यांना पूर्ण म्हणायचं होतं. एकच हट्ट होता. नाही जमलं. नशीब."

मी काय बोलले? काही नाही. सांगायला हवं होतं की नशीब नव्हतं, मी होते. उठताना ते म्हणाले, "अभिनंदन, ताई." मी 'थँक्यू' म्हणाले. खरंच म्हणाले.

३ फेब्रुवारी

चौदा शब्द. उलटसुलट बटणं. मुलीची परीक्षा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, ह्याच वहीत माझ्या हाताने लिहिलेलं, आणि मी म्हणे तपास करणारी बाई.

१२ मार्च

आज आठ वाजता सीझनचा पहिला एपिसोड लागला. दिवसभर वाटत होतं, तो सीन त्यांनी कापला असेल. देवा, कापलेला असू दे.

कापला नव्हता. आहे तसाच ठेवला. खाली हळू संगीत घातलं, आणि गोष्ट अशी फिरवली की साहेबांचीच आठवण दगा देते आणि ते बाईंवर काम सोपवून जातात. पडद्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आपण इथे कशासाठी आलो आहोत?" आणि ज्या नवऱ्याला कशानेच काही होत नाही, तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. "काय अभिनय केलाय गं माणसाने!" म्हणाला. मुलीचा फोन आला, ती रडत होती. मी पडद्यावरच्या त्या डोळ्यांकडे बघत होते. त्या दिवशी मी केटली बघत होते, त्यामुळे ते डोळे मी आज पहिल्यांदा पाहिले. ते घाबरलेले होते. इतक्या घाबरलेल्या माणसाला मी एक शब्द दिला नाही.

१३ मार्च

सगळीकडे त्याच सीनची चर्चा. एकाने लिहिलंय, कारकिर्दीतला सर्वोत्तम क्षण. आणि माझंही कौतुक आहे. 'त्या क्षणी बाईंची झुकलेली नजर. केवढा संयम!' भाजीवाल्याने मिरच्या फुकट दिल्या. मला त्या घरी आणवेनात, वाटेत कुणाला तरी देऊन टाकल्या.

१५ मार्च

डबिंगला गेले होते. काम संपल्यावर साउंडवाला वायर गुंडाळत म्हणाला, "बाई, एक बोलू?"

मला तेव्हाच कळलं.

"त्या सीनला मी तुमच्या माइकवर कान लावून बसलो होतो. तुमचा शब्द आला की खूण करून ठेवायची, पुसायला बरी. नुसता श्वास आला."

"विसरले मी," मी म्हटलं.

तो वायर गुंडाळत राहिला. तीन वर्षं माझा एकही शब्द चुकला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग म्हणाला, "काळजी करू नका. मी कुणाला सांगत नाही." आणि वायर पेटीत ठेवली.

बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं. तो सांगेल याची भीती नाही वाटत. तो सांगणार नाही, कुणीच कधी सांगणार नाही, याची वाटते. उद्यापासून माझ्या नावाचं पोस्टर लागेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि हे असंच माझ्या आत कुजत राहील. साहेबांना सांगायला हवं.

१९ मार्च

आज गेले. दुपारी, न कळवता. कळवलं असतं तर माझीच हिंमत गेली असती.

दार वहिनींनी उघडलं. साहेब खिडकीपाशी खुर्चीत, दाढी केलेली, शर्ट नीट. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अहो बाई! आज सुट्टी का?" तेवढ्याने माझा धीर खचला. वहिनी चहा टाकायला आत जाताना म्हणाल्या, "बरं झालं आलात. महिनाभर त्या भाषणाचाच जप चालला होता हो घरात. मी म्हणायची, नाही आठवलं तर? तर म्हणायचे, पहिला शब्द बाई सांगतात, पुढचं मी नेतो."

त्या गेल्या. मी साहेबांच्या समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. काय ऐकलं, काय समजले, काय केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हसले. "अहो, एवढंच ना? मी तर तरुणपणी लोकांची अख्खी वाक्यं खाल्ली आहेत. सोडा हो." माझ्या हातावर थोपटलं. मी रडले. मोकळं वाटलं. दोन-चार मिनिटं फार मोकळं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "रडताय का? कुणी काही बोललं का सेटवर?"

मी गप्प राहायला हवं होतं. पण ते इतक्या काळजीने विचारत होते की मला परत सांगावंसं वाटलं. परत क्षमा मिळेल, असंही वाटलं असेल. खोटं कशाला बोलू? मी सगळं पुन्हा सांगितलं.

या वेळी ते हसले नाहीत. पाठ ताठ झाली आणि जुना, खणखणीत आवाज आला.

"तुम्हाला दिसत होतं ना मी थांबलोय ते?"

"हो, साहेब."

"आणि तुम्ही खाली बघत राहिलात."

"हो."

"बरोबरीच्या माणसाने असं करायचं नसतं, बाई. मारायचं होतं तर तोंडावर मारायचं. निघा तुम्ही."

मी उठले. मला वाटलं, हेच खरं. मघाचं हसणं म्हणजे पाहुण्याला दिलेला चहा होता. हे माझ्या हक्काचं होतं.

वहिनी दाराबाहेर जिन्यापर्यंत आल्या. हातात ट्रे तसाच. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं, दोन्ही वेळा. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"पाच मिनिटं जिन्यात थांबा," त्या म्हणाल्या. "मग बेल वाजवा. त्यांच्या लक्षात राहणार नाही."

"आणि तुमच्या?"

"माझ्या राहील." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पण आता त्यांच्याकडे कुणी येत नाही. तुम्ही त्यांना आवडता. तेव्हा या."

दार लागलं. मी पायरीवर बसले. खालून कुणाच्या तरी घरातला मिक्सर ऐकू येत होता. उतरून निघून जावं असं फार वाटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग उठले, तोंड पुसलं आणि बेल वाजवली.

दार साहेबांनी उघडलं. "अरे वा, बाई! किती दिवसांनी! या, या ना आत." त्यांच्या मागे वहिनी कप मांडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कप तीन मांडले. मी आत गेले, आणि या वेळी काहीही सांगितलं नाही.